निगेटिव्ह बघायचं यंत्र

माझा नवरा कुठलीही वस्तू विकत घेत नाही, तिची चौकशी बसवतो. घरात साधी चहाची गाळणी आणायची झाली तरी जाळीची भोकं, दांड्याची लांबी आणि त्या गाळणीबद्दल जगभरातल्या अनोळखी माणसांनी मांडलेली मतं यांचा आधी अभ्यास होतो. तोवर आम्ही चहा रुमालातून गाळतो. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्यानं तेहतीस वर्षं काढली. बाजारातले तराजू म्हणे त्याला बघून थरथरायचे. तो निवृत्त झाला आणि थरथरायला मी एकटीच उरले.

गेल्या वर्षी सासूबाईंना पंच्याऐंशी पूर्ण व्हायची होती. नणंदेनं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या बहिणीनं, दोन महिने आधी फोनवर जाहीर केलं की या वाढदिवसाला आईला एक आल्बम द्यायचा, बाबांनी काढलेल्या फोटोंचा.

सासरे जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या घरात त्यांची कीर्ती मुख्यतः छायाचित्रकार म्हणून. पोटापाण्याला ते विमा कंपनीत कारकून होते, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. त्यांचा तो चौकोनी, दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून आत बघायचा कॅमेरा अजून कपाटात मखमलीवर बसवलेला आहे. दिवाणखान्यात त्यांचा स्वतःचाच एक फोटो आहे: उंबरठ्यावर बसलेले, अर्ध्या गालाला दाढीचा साबण, डोकं मागे टाकून खदाखदा हसताहेत. या फोटोला घरात ‘बाबांचं आत्मचित्र’ म्हणतात. नणंदेनं त्यावर एका स्मरणिकेत लेखही लिहिला होता. ‘स्वतःकडे इतक्या मोकळेपणानं पाहू शकणारा माणूस विरळाच,’ असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य ती अजून जेवताना वगैरे ऐकवते.

अडचण एवढीच होती की छापलेले फोटो होते मोजून तीसेक. बाकीचं सगळं निगेटिव्हमध्ये. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, त्यात पातळ कागदी पाकिटं, पाकिटांत पट्ट्या. त्यांत काय आहे ते बघितल्याशिवाय काय छापायचं ते ठरणार कसं?

“त्यासाठी यंत्र मिळतं,” नवरा म्हणाला. “निगेटिव्ह बघायचं. मी बघतो.”

‘मी बघतो’ हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात वाढदिवस एक वर्ष पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी वही आली. वहीत रकाने आले. आठवडाभरात मला न विचारता कळलं की अशा यंत्रांच्या चार जाती आहेत. एक हातात मावणारं डबडं: बॅटरी घाला, फटीत पट्टी सरकवा, भिंगातून बघा. दुसरा प्रकाशाचा सपाट फलक, पाटीसारखा. त्यावर पट्टी पसरायची आणि वरून वेगळं भिंग धरायचं. तिसरं छोट्या पडद्याचं, बटण दाबलं की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून सरळ फोटोच दाखवतं. आणि चौथी जात म्हणजे मोबाइल, जो नवऱ्याच्या मते यंत्रच नव्हे.

“फलकाचा प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही,” तो भाजी निवडत असलेल्या मला सांगायचा. “कडेला सात टक्के कमी.”

“मग आपण मधेच बघू.”

“तुला गांभीर्य नाही.”

खरंच नव्हतं. सासूबाई समोर बसून शेंगा सोलत असायच्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, कारण आल्बम त्यांच्यासाठी होता आणि ही गोष्ट त्यांच्यापासून गुप्त होती. गुप्त म्हणजे त्यांच्यापासून दोन हातांवर, पण आवाज जरा खाली आणून बोललेली.

कॅमेऱ्यांच्या दुकानात तो चार वेळा जाऊन आला. पहिल्यांदा मला घेऊन गेला. दुकानदार सत्तरीचा, कानावर केस असलेला, बोलायला फारसा राजी नसलेला माणूस होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

“निगेटिव्ह कुठल्या मापाच्या?”

“नेहमीच्या,” नवरा म्हणाला.

“नेहमीच्या म्हणजे?”

“म्हणजे निगेटिव्हच्या असतात त्या.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

“एक पट्टी घेऊन या, साहेब. दाखवतो.”

“पट्टीचा काय संबंध? मला यंत्र घ्यायचंय,” नवरा म्हणाला. घरी येताना रस्ताभर, आजकाल दुकानदारांना ज्ञानच कसं नसतं, यावर मला व्याख्यान मिळालं.

चौथ्या खेपेला तो पडद्याचं यंत्र घेऊन आला. वहीत त्याला शंभरापैकी एक्याण्णव गुण पडले होते. नणंद आदल्याच संध्याकाळी आली होती. वाढदिवसाला आठ दिवस होते. यंत्राचं खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवून नवऱ्यानं माहितीपत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. नमनाला घडाभर तेल ओतून झाल्यावर नणंदेनं डबा उघडला, पाकिटातून पट्टी काढली आणि यंत्राच्या फटीत सरकवायला गेली.

पट्टी जाईना.

“उलटी धर,” नवरा म्हणाला.

उलटीही जाईना. आडवी जाईना. फट होती दोन बोटांची आणि पट्टी चांगली चार बोटं रुंद. शेजारी ठेवून पाहिलं तर मांजराच्या दारातून म्हैस घालायचा प्रकार. यंत्र होतं लहान फिल्मचं, आणि सासऱ्यांचा तो चौकोनी कॅमेरा मोठी फिल्म खाणारा. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासलेल्या माणसानं घरातल्या घरात, कपाटापर्यंत आठ पावलं चालून, एका पट्टीला फूटपट्टी लावली नव्हती. मी काही बोलले नाही. लग्नाला तीस वर्षं झाली की काही गोष्टी न बोलता जास्त ऐकू जातात.

“कडा थोड्या कापल्या तर?” नवरा म्हणाला. आणि त्यानं खरंच ड्रॉवरमधून कात्री काढली.

“लाव हात पट्टीला, मग बघते.”

आवाज सासूबाईंचा होता. शेंगांचं ताट बाजूला ठेवून त्या उठल्या होत्या. त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. नवऱ्यानं लहानपणी ऐकला असावा, कारण कात्री आपसूक खाली गेली.

“आई, तुला कळलं सगळं?” नणंद म्हणाली. “अगं, सरप्राइज होतं ते!”

“दोन महिने ऐकतेय मी तुमचं सरप्राइज. पट्टी इकडे दे. अशी नाही, कडेनं धर. बोटांचे ठसे उमटतात.”

मग त्यांनी भराभर हुकूम सोडले. दिवाणखान्यातलं काचेचं छोटं टेबल मोकळं करायला लावलं. खाली, जमिनीवर, माझा शिवणाचा दिवा. काचेवर पातळ पांढरा कागद. दिवा लागला आणि टेबल दुधासारखं उजळलं. नवऱ्यानं कडेला किती टक्के प्रकाश कमी पडतोय ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं.

सासूबाईंनी चष्मा काढला, पट्ट्या मांडल्या आणि नाक जवळजवळ काचेला टेकवून वाचायला लागल्या. वाचायला हाच शब्द बरोबर. आम्हाला काळी तोंडं, पांढरे केस आणि भुताटकी दिसत होती. त्या म्हणत होत्या, “ही तुझी शाळेची पहिली सहल, बाबा सोडायला आलेत. हा तू, नाक शिंकरत. ही शेजारची, बाबांच्या मागे उभी, हिचं लग्न मोडलं त्याच आठवड्यातला आहे, बघा डोळे.” काळ्या चेहऱ्यात त्यांना डोळे कुठे दिसले देव जाणे.

“आई, तुम्हाला हे सरळ दिसतं?” मी विचारलं.

“सवय आहे गं. सगळे छापणं परवडायचं नाही. धुऊन आलेल्या पट्ट्या खिडकीशी धरून कुठला छापायचा ते मीच ठरवायचे.”

“तू?” नणंद म्हणाली. “निवड बाबांची असायची ना?”

सासूबाई पुढच्या पट्टीकडे वळल्या.

नणंदेला तोवर कल्पना सुचली होती. टेबलावरच्या पट्टीचा मोबाइलनं फोटो काढायचा आणि त्यातच रंग उलटे करायचे. जे यंत्रच नव्हे त्यानं दोन मिनिटांत काम केलं. नवरा त्या वेळी नव्या यंत्राचं खोकं परत बंद करण्यात फार गुंतलेला होता.

“अरे, हा बघ! आत्मचित्र!” नणंद ओरडली. पट्टीतली पहिली चौकट तीच होती: उंबरठा, साबण, हसणारे बाबा. “बघा, काय पकडलंय स्वतःला! टायमर लावायचा, धावत जाऊन बसायचं आणि लगेच इतकं नैसर्गिक हसायचं. सोपं नाही.”

टायमर लावून धावणाऱ्या बाबांची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. पंगतीच्या, बागेतल्या, समुद्रावरच्या प्रत्येक फोटोत सासरे स्वतः कसे, याचं ते उत्तर होतं. मी ज्या सासऱ्यांना ओळखत होते ते सुटणाऱ्या बससाठीही धावले नव्हते. “दुसरी येईल,” म्हणायचे. पण तरुणपणी धावत असतील, असं समजून मी गप्प होते. सुनेनं सासऱ्याच्या धावण्यावर शंका घेऊ नये.

“आणि हा पुढचा कुठला?” नणंदेनं बोटानं चित्र सरकवलं.

पुढच्या चौकटीत तोच उंबरठा होता. उंबरठ्यासमोर अंगणात एक बाई उभी. तिचा एक पाय पाण्यानं भरलेल्या बादलीत, गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हात कमरेवर. खांद्यांच्या वर काहीच नाही. चौकट तिथे संपली होती. डोकं छाटलेलं.

“ही कोण?” नवऱ्यानं विचारलं.

“मी,” सासूबाई म्हणाल्या.

“बादलीत काय करतेयस?”

“करते काय! त्या कॅमेऱ्यात खाली मान घालून बघावं लागतं. तुझे बाबा दाढी करत बसले होते. उजेड चांगला होता, म्हटलं काढावा एक. ते चौकटीत नीट बसावेत म्हणून मी मागे मागे सरकत गेले, आणि मागे बादली होती. पाय गेला आत. ते हसायला लागले तेवढ्यात मी बटण दाबलं. मग म्हणाले, थांब तशीच, आता मी तुझा काढतो.” त्यांनी मुंडकं नसलेल्या स्वतःकडे बोट दाखवलं. “हा त्यांनी काढला.”

नणंदेच्या हातातल्या मोबाइलचा पडदा विझला.

“पण टायमर...” ती म्हणाली.

इथे माझा नवरा उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची चौकशी कुणाला तरी हवी होती. कपाटातून कॅमेरा काढून त्यानं टेबलावर ठेवला, खिशातून भिंग काढलं आणि एकेक कळ, एकेक चाक, एकेक दांडी तपासली. नणंद उभी, मी उभी. सासूबाई आपल्या पट्ट्या बघताहेत.

“या कॅमेऱ्याला टायमर नाही,” त्यानं निकाल दिला.

“तुटला असेल!”

“तुटायला आधी असावा लागतो, ताई.”

नणंद तरातरा आतल्या खोलीत निघून गेली. दार आपटायचं नाही एवढं भान राखून तिनं ते आपटलं.

पुढचे दोन दिवस नवऱ्यानं अठराच्या अठरा रोल त्या काचेच्या टेबलावर तपासले. वहीत जुन्या रकान्यांवर काट मारून नवे पाडले. तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्यानं अहवाल वाचला. एकूण चौकटी दोनशे सोळा. बाबा फोटोत आहेत अशा एकशे एकोणपन्नास. आई आहे आणि बाबा नाहीत अशा एक्केचाळीस, पैकी डोकं शाबूत असलेल्या अकरा. उरलेल्या सव्वीसमध्ये माणूसच नाही: रिकामं बाक, वाळत घातलेली चादर, जिन्यावर पडलेलं ऊन.

“त्या सव्वीस तरी बाबांच्या असतील,” नणंद म्हणाली. दोन दिवसांत तिच्या आवाजातली स्मरणिका बरीच उतरली होती.

“त्यांना ऊन कशाला काढतात ते कळायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फिल्म वाया गेली म्हणायचे.”

“अगं, मग तू कधी सांगितलं का नाहीस? मी लेख लिहिला! छापून आला! तू वाचलास!”

“छान लिहिला होतास.”

“आई!”

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसातले साहेब घरी आले होते. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, वा, काय नजर आहे तुमची. तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात होते, हात पिठात. वाटलं, ते सांगतील. त्यांना वाटलं असेल, मी सांगेन. तेवढ्यात साहेब दुसऱ्याच विषयावर गेले.” त्यांनी कप बशीत सरळ केला. “दुसऱ्यांदा कुणीतरी तेच म्हणालं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.”

“आणि तुला राग नाही आला?”

“आला ना. चार दिवस आमटीत मीठ नव्हतं.” मग म्हणाल्या, “कॅमेरा त्यांनी आणला होता, म्हणून फोटो त्यांचे. शेगडीही त्यांनीच आणली होती. स्वयंपाक त्यांचा, असं मात्र कुणी म्हटलं नाही.”

मी हसले. नणंदेनं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि मग तिलाच हसू फुटलं. हसता हसता ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, “वहिनी, तुला आधीपासून संशय होता, हो ना?”

“मला फक्त त्यांच्या धावण्याबद्दल होता,” मी खरं ते सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी सासूबाईंनी मला म्हटलं, “चल, ते यंत्र बदलून आणू. वाकून वाकून माझी मान गेली.” निघताना त्यांनी यंत्राचं खोकं माझ्याकडे दिलं आणि एक पट्टी पाकिटात घालून पर्समध्ये ठेवली. नवरा वही घेऊन निघाला होता. त्याला त्यांनी घरी गॅसकडे लक्ष ठेवायला बसवलं. गॅसवर काही नव्हतं.

दुकानदारानं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. पण सासूबाईंनी काहीही न विचारता पट्टी काढून काउंटरवर ठेवली. त्यानं ती कडेनं उचलली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“फलक घ्या, आजी. बाकी सगळा खेळ आहे. आणि भिंग हे नको, त्यानं कडा वाकड्या दिसतात. हे घ्या.”

सासूबाईंनी फलक लावायला सांगितला, पट्टी ठेवली, भिंग डोळ्याला लावलं. मग दुसरं भिंग मागितलं. दोन्ही लावून पाहिली आणि घेतलं ते दुकानदार नको म्हणत होता तेच. “वाकड्या दिसू देत कडा. हे जास्त जवळ नेतं.” सगळं मिळून दहा मिनिटं. मला नवऱ्याच्या वहीची दया आली.

पट्टीवर जिन्यातलं ऊन होतं. दुकानदारानं पाकिटात घालण्याआधी ती परत एकदा उजेडात धरली.

“कुणी काढलंय हे?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. ही सवय आमच्या घरात वाईटच आहे.

“मी,” त्या म्हणाल्या.

“उजेड बरोबर मोजलाय,” तो म्हणाला. बस, एवढंच. पण घरी येताना त्या रिक्षात पूर्ण वेळ बाहेर बघत होत्या, आणि उतरताना भिंगाची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली नाही.

घरी नवऱ्यानं फलक उलटासुलटा करून पाहिला. “हाच घ्या असं मी सुचवणार होतो,” म्हणाला. त्या रात्रीपासून आमच्या घरी फोटो निवडण्याचं काम सुरू झालं आणि कुणाचंच मत चालेना. नणंदेला नातेवाइकांचे फोटो हवे होते. सासूबाई म्हणत, “हात तुटलेत यात,” आणि बाजूला टाकत. डोकं छाटलेल्या तीसपैकी मात्र त्यांनी बादलीचा एक ठेवला. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वाढदिवसाच्या सकाळी फोटोवाल्याकडून एक मोठं चपटं पार्सल आलं. नणंद पांढरीफटक पडली. महिन्याभरापूर्वी तिनं आपल्याकडच्या छापील प्रतीवरून ते ‘आत्मचित्र’ खूप मोठं करायला टाकलं होतं, आणि त्याखाली काय लिहायला सांगितलं होतं ते मधल्या गडबडीत साफ विसरली होती. कागद फाडला. अर्ध्या भिंतीएवढे सासरे हसत होते. खाली सोनेरी अक्षरांत: ‘आत्मचित्र. छाया: बाबा.’

नव्यासाठी जुना फोटो काढून खिळा आधीच रिकामा केलेला. पाहुणे तासाभरात येणार.

“आई, मी ती अक्षरं झाकते,” नणंद म्हणाली. “कागद चिकटवते. बदलून घेते. खरंच.”

सासूबाई जवळ गेल्या. चष्मा काढला. त्यांनी अक्षरांकडे पाहिलंसुद्धा नाही. सासऱ्यांच्या गालापाशी नाक नेऊन त्या उभ्या राहिल्या.

“साबण आणि गाल एकाच पांढऱ्यात गेलेत,” म्हणाल्या. “साबणाला फेस होता. तो कुठाय? आणि डाव्या अंगाचा उंबरठा कापलाय त्यानं. कुणी सांगितलं होतं कापायला? परत पाठव. निगेटिव्हवरून कर म्हणावं, आणि पूर्ण चौकट.”

“आज? अगं, आता लोक येतील...”

“येऊ देत. असला लावून ठेवायचा नाही माझ्या घरात.”

नवऱ्यानं ते पार्सल पुन्हा बांधलं. दुसऱ्यांनी बांधलेलं त्याला कधी पसंत पडत नाही, पण या वेळी दोरीची लांबी मोजायला तो विसरला. वाढदिवस मोकळ्या खिळ्याखाली झाला. पाहुणे विचारत राहिले, तिथला फोटो कुठे गेला म्हणून, आणि सासूबाई प्रत्येकाला सांगत राहिल्या, “छपाई बिघडली होती. मी परत पाठवलाय.”